साहेबांचा दौरा आणि आपला खेटा

(जळगाव–धुळे जिल्ह्यांच्या बैठकीतील भाषण)



आज माझा विषय कापसाच्या भावाचा नाही, वीजबिलाचाही नाही. सरकारी माणूस कामासाठी मुख्यालय सोडून गेला की त्याला दिवसाचा भत्ता मिळतो, त्याविषयी बोलायचे आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर संघटना नोकरदारांच्या पोटावर उठली अशी बोंब होईल. माझा भत्त्याला विरोध नाही. घर सोडून कामाला गेलेल्या माणसाच्या जेवणाची सोय त्याला पाठवणाऱ्याने करावी, हे तत्त्व सोळा आणे बरोबर आहे. नोकरदारांना जे मिळते ते त्यांनी भांडून घेतले. केंद्राइतका महागाई भत्ता हवा म्हणून राज्य कर्मचाऱ्यांनी १९७७ च्या डिसेंबरात संप केला, तो ५४ दिवस चालला. कापूस घरात ठेवून आपण ५४ दिवस दम धरला असता का, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

आता दर ऐका. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने जुलै २०१७ पासून दौऱ्यावरच्या जेवणाचे दर ठरवले. तेव्हा सर्वांत वरच्या साहेबाला दिवसाला १२०० रुपये ठरले. मग १०००, ९००, ८०० आणि सर्वांत खालच्या पायरीला ५००. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढतील, हेही त्याच आदेशात लिहून ठेवले होते. राज्याचे दर वेगळे, साचा तोच. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये. त्या भावाने १२०० रुपयांची ज्वारी होते बत्तीस किलो. बत्तीस किलो ज्वारी एका दिवसात! साहेबाची भूक शिपायाच्या भुकेच्या जवळपास अडीचपट असते, हे कोणत्या वैद्याने सांगितले कोण जाणे.

पण ते त्यांचे ते बघतील. आपले दुखणे वेगळे आहे.

मागे मला तालुक्याच्या कचेरीतून पत्र आले. गावाचे नाव घेत नाही. सातबाऱ्यावरची विहिरीची नोंद दुरुस्त करायची होती. पत्रात तारीख दिलेली, कागद घेऊन हजर राहा म्हणून लिहिलेले. दिवस ऐन वेचणीचे. मंडळी म्हणाली, "मला एस.टी.चं अर्धं तिकीट लागतं, मीच जाते." पण जमीन माझ्या एकट्याच्या नावावर. (लक्ष्मीमुक्तीची भाषणे मी गावोगाव केली आहेत. हसू नका, तुमच्याकडेही तेच आहे.) फडक्यात कळण्याची भाकरी बांधली आणि सकाळच्या गाडीने गेलो. बाकावर दुपारपर्यंत बसल्यावर शिपाईबुवा म्हणाले, "साहेब दौऱ्यावर गेलेत."

दुसऱ्या खेपेला मशीन बंद. तिसऱ्या खेपेला काम झाले, दहा मिनिटांत.

त्या पहिल्या दिवसाचा हिशेब करा. साहेब खोटे बोलून गेले नव्हते, खरेच कामाला गेले असतील. त्यांचा दिवस सरकारी हिशेबात भत्त्यासह लागला. मीही सरकारच्याच पत्रावरून गेलो होतो. माझे तिकीट, माझा दिवस, मोकळा पडलेला माझा कापूस कुठे लागला? कुठेच नाही.

नियम मोजायला किती बारीक आहे पाहा. केंद्राच्या नियमात मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या पलीकडे गेले की भत्ता लागू होतो. सहा तासांच्या आत परतला तर ३० टक्के, सहा ते बारा तास लागले तर ७० टक्के, त्यावर पूर्ण. मी घर सोडून दहा-अकरा तास बाहेर होतो. २०१७ च्या दरांत खालच्यातल्या खालच्या पायरीनेही ३५० रुपये होतात. तीन खेपांचे १०५० रुपये. मध्यम धाग्याच्या कापसाच्या २०२५-२६ च्या हमीभावाने, ७७१० रुपयांनी, तो साडेतेरा किलो कापूस झाला.

कोणी म्हणेल, हे सगळे हमीभावात धरलेले असते. तेही पाहू. कृषी मूल्य आयोगाच्या हिशेबपद्धतीत सी-३ नावाचा खर्च आहे. त्यात शेतकऱ्याच्या व्यवस्थापनाबद्दल सी-२ वर दहा टक्के धरतात. कचेरी, बँक, बाजार समिती इथले हेलपाटे त्यातच आले. पण २०१८ पासून हमीभाव देतात तो ए-२ अधिक घरची मजुरी, याच्या दीडपट. सी-३ कागदावर राहिला. म्हणजे शेतात वाकलेला दिवस थोडाफार मोजला जातो, कचेरीच्या बाकावर बसलेला दिवस मोजलाच जात नाही.

आणि हे सरकारला सुचत नाही असे नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मजुराला पाच किलोमीटरपलीकडे काम दिले तर प्रवास आणि राहणीसाठी दहा टक्के जास्त मजुरी लिहिली होती. कोर्टाने बोलावलेल्या साक्षीदाराच्या खर्चाची तरतूद आहे. माहितीच्या अधिकारात तर नुकसान झालेल्या माणसाला भरपाई द्यायला लावायचा अधिकार आयोगाला आहे. फक्त तारीख देऊन बोलावलेला शेतकरी तेवढा फुकटचा.

म्हणून मागणी मोजकीच ठेवू. आपल्या मर्जीने गेलो तर काही नको. पण कचेरीने लेखी तारीख दिली आणि त्या दिवशी अधिकारी नसल्यामुळे किंवा कचेरीच्या कारणाने काम झाले नाही, तर सर्वांत खालच्या पायरीचा दिवसाचा भत्ता आणि एस.टी.चे तिकीट त्या कचेरीने द्यावे. शिपायाइतका द्या, साहेबाइतका मागत नाही.

यात तलाठी आप्पांशी भांडण काढू नका. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण तेही मोटरसायकलवर गावे पालथी घालतात. मागणी त्यांच्या वरच्यांकडे आहे.

काम एकच करायचे. कचेरीत काम झाले नाही की तसेच परतू नका. पत्राच्या पाठीमागे "अमुक तारखेला हजर होतो, काम झाले नाही" एवढे लिहा आणि आवक टेबलावर शिक्का मागा. शिक्का दिला नाही तर तेही तारखेनिशी लिहा, बरोबरच्या दोघांच्या सह्या घ्या. तिकीट फेकू नका, त्याच कागदाला टोचा. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपले कागद घेऊन यावे. दोन्ही जिल्ह्यांचे गठ्ठे वेगळे बांधून आपण जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू. त्या दिवशी ते दौऱ्यावर असले, तर त्याचाही शिक्का घेऊन येऊ.