थंडी, जिवाणू आणि एक चिमुकले प्रथिन

(पालघर तालुक्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भात खळ्यावर आले आहे आणि अंगओलीवर वाल, हरभरा पेरण्याची तुमची घाई चालू आहे. त्यातून बोईसर-तारापूरच्या कारखान्यात पाळी करून शेती सांभाळणारे अनेक जण समोर दिसत आहेत. तेव्हा थेट विषयाला येतो. मागच्या खेपेस तुमच्यापैकी एका काकांनी विचारले होते, "सर, रायझोबियमचे पाकीट फ्रीजमध्ये ठेवले तर आतले जिवाणू गारठून मरत नाहीत का?" मी त्यावेळी "नाही" म्हणून वेळ मारून नेली. प्रश्न त्याहून मोलाचा होता. आज त्याचे पुरे उत्तर देतो.

जिवाणूच्या पेशीत डीएनए असतो. त्यावरच्या माहितीची नक्कल आरएनए नावाच्या धाग्यावर उतरते आणि रायबोसोम हे यंत्र तो धागा वाचत वाचत प्रथिने बनवते. उबेत हे काम सुरळीत चालते. थंडी पडली की धागा स्वतःवरच दुमडतो, त्याचे भाग एकमेकांना चिकटतात आणि गाठी पडतात. कारल्याच्या मांडवाची सुतळी पावसाळ्यानंतर कोपऱ्यात टाकून दिली की पुढच्या हंगामात तिचे काय होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसाच गुंता इथे होतो. गुंत्यात रायबोसोम अडकतो, प्रथिने बनणे थांबते आणि जिवाणूची वाढ थबकते.

या वेळी पेशी एक लहानसे प्रथिन भराभर तयार करते. त्याला शीतधक्का प्रथिन म्हणू. अमेरिकेत न्यू जर्सी येथे मासायोरी इनोये यांच्या प्रयोगशाळेने १९९० मध्ये ते प्रथम दाखवून दिले. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू त्यांनी ३७ अंशांवरून एकदम १० अंश सेल्सिअसवर आणला. वाढ काही तास थांबली. त्या काळात इतर बहुतेक प्रथिनांचे काम मंदावले, पण हे एक प्रथिन इतके वाढले की नव्याने बनणाऱ्या एकूण प्रथिनांत त्याचा वाटा सुमारे १३ टक्क्यांवर गेला. नंतर जिवाणू त्या थंडीतही हळूहळू वाढू लागला. गंमत अशी की या प्रथिनाचा निरोप नेणारा आरएनए उबेत अर्धा मिनिटही टिकत नाही. गारठा पडला की तोच कित्येक मिनिटे टिकतो. म्हणजे निरोप आधीपासून निघतच असतो, थंडी त्याला फक्त टिकू देते.

आता हे प्रथिन धाग्याला धरते कसे? त्यात अमिनो आम्लांचे जेमतेम ७० मणी असतात. त्यांच्या पाच पट्ट्या वळून एक छोटे पिंप तयार होते. पिंपाच्या एका बाजूवर चपट्या कड्यांची अमिनो आम्ले बाहेर डोकावतात. आरएनएवरील अक्षरेही चपटीच असतात. पत्त्यांच्या गड्डीत पत्ता सरकावा तशी ती या कड्यांवर जाऊन बसतात. शिवाय धाग्याच्या कण्यावर ऋण भार असतो आणि प्रथिनाच्या त्या बाजूवर धन भार असतो, त्यामुळे ओढ आणखी वाढते. एक प्रथिन साधारण सहा-सात अक्षरे धरते. ते एकेरी धाग्यालाच बिलगते. दुहेरी डीएनएमध्ये अक्षरे आत एकमेकांकडे तोंड करून बसलेली असल्याने त्याला पकडायला काही सापडत नाही.

ही पकड फार घट्ट नसते, आणि त्यातच तिचा उपयोग आहे. धागा मोकळा ताणून धरायचा आणि रायबोसोम आला की वाट द्यायची, एवढेच हे काम. घट्ट बसलेल्या गाठी सोडवायला पेशीकडे दुसरी प्रथिने आहेत, ती त्यासाठी ऊर्जा खर्च करतात. शीतधक्का प्रथिन ऊर्जा न खर्चता नुसते बोटांनी सुतळी सुटी ठेवते.

रायझोबियममध्येही याच घराण्यातील जनुके आढळली आहेत. भातातही तशा घडणीची प्रथिने आहेत, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बॅसिलस सबटिलिस या मातीतल्या जिवाणूचे असे जनुक घातलेल्या मक्याची माहितीही प्रसिद्ध झाली. पाण्याचा ताण सोसणारा म्हणून तो मका अमेरिकेत २०१३ पासून विक्रीस आला. पाणी साफ संपले तर तोही वाळतो. आपल्या देशात अशा मक्याच्या लागवडीला परवानगी नाही, तेव्हा त्या नावाने कोणी बियाणे देऊ केले तर घेऊ नका.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळतो. फ्रीजच्या खालच्या कप्प्यातल्या गारव्याने जिवाणू मरत नाहीत, ते काम मंद करून तग धरून राहतात. बर्फाच्या कप्प्याची गोष्ट वेगळी. तिथे पाण्याचे स्फटिक होऊन पेशीची आवरणे फाटतात आणि तिथे हे प्रथिन काही करू शकत नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी "थंड जागी ठेवावे" ही सूचना वाचून मी पाकिटे थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती. महिन्याभराने हरभरा उपटून पाहिला तर मुळांवर गाठी मोजक्याच. त्या शेतकऱ्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, म्हणून अधिकच लाज वाटली.

उन्हापासून मात्र थंडीहून मोठा धोका. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर पाकीट राहिले तर उरलेली मुदत पाहण्यात अर्थ नाही. फ्रीज नसेल तर घरातल्या माठाजवळची सावलीची जागा चालते. पेरणीच्या दिवशी पाकीट थोडे आधी बाहेर काढून सावलीत ठेवावे. गुळाचे पाणी उकळून केले असेल तर ते पूर्ण गार झाल्यावरच त्यात संवर्धक मिसळावे. इथे पुष्कळांची चूक होते. २५० ग्रॅमचे पाकीट १० ते १५ किलो बियाण्यास पुरते. बुरशीनाशक चोळायचे असल्यास ते आधी चोळावे, जिवाणू शेवटी लावावेत. बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. वालाचे पाकीट हरभऱ्याला वापरू नये.

सूर्या कालव्यावर उन्हाळी भात घेणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत रोपे पिवळी पडू लागल्यास वाफ्यात संध्याकाळी पाणी भरावे व सकाळी काढून टाकावे. रात्रीच्या गारठ्यात पाण्याची ऊब रोपांना मिळते.

पेरणीनंतर महिनाभराने दोन-चार रोपे मुळासकट हळूच उपटा, गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर जिवाणू कामाला लागले आहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर रोप तसेच मातीसह घेऊन माझ्याकडे या, आपण दोघे मिळून पाहू.