तीशकचे घर कोण सांभाळते?

(8 मार्चच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आयर्लंडच्या पंतप्रधानपदाबद्दल बोलणार आहे. महिलादिनाला हा कुठला विषय, असे तुम्हाला वाटेल. पण घर कोणाचे आणि घरकाम कोणाचे, हा आपला रोजचा प्रश्न त्या देशाच्या राज्यघटनेतच लिहून ठेवलेला आहे. म्हणून जरा ऐका.

आयर्लंडमध्ये पंतप्रधानाला 'तीशक' म्हणतात. आयरिश भाषेत त्याचा अर्थ प्रमुख, म्होरक्या. हे पद 1937 च्या राज्यघटनेने निर्माण केले. आपल्या लोकसभेसारखे तिथे 'डॉइल' हे सभागृह आहे. डॉइल तीशकची निवड करते आणि राष्ट्रपती त्याची नेमणूक करतात. मंत्री कोण असावेत, कोणाचा राजीनामा मागावा, हे तीशक ठरवतो. राष्ट्रपतीपद मानाचे, खरी सत्ता तीशकच्या हाती.

एवढे मोठे पद, पण त्याला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सरकारी बंगला नाही. राष्ट्रपतींना डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये भवन आहे. तीशकचे कार्यालय मेरियन स्ट्रीटवर सरकारी इमारतीत. काम संपले की त्याने आपल्या घरी जायचे. 1999 मध्ये सरकारने गिनेस कुटुंबाकडून फार्मली ही इस्टेट विकत घेतली. तिथले कारभाऱ्याचे जुने घर, स्टुअर्ड्स लॉज, पुढे तीशकच्या वापरासाठी ठेवण्यात आले. पण तिथे राहायलाच हवे असे बंधन नाही.

साधेपणा म्हणून याचे कौतुक होते. ते योग्यही आहे. पण आपण बायकांनी पुढचा प्रश्न विचारायला हवा. तीशक ज्या घरी परत जातो, ते घर चालवते कोण?

पहिले तीशक इमन डी व्हॅलेरा. 1937 ची घटना त्यांच्याच पुढाकाराने झाली. स्वातंत्र्यलढ्यात ते तुरुंगात होते, नंतर 1919-20 मध्ये बराच काळ अमेरिकेत होते. तेव्हा मुलांना वाढवले ते त्यांच्या पत्नी शिनेड यांनी. शिनेड स्वतः शिक्षिका होत्या. डी व्हॅलेरांना आयरिश भाषा त्यांनीच शिकवली. नवऱ्याचे राजकारण बायकोच्या कष्टांवर उभे राहिले. ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

त्याच घटनेत 41.2 हे कलम आले. त्याचा आशय असा : स्त्री आपल्या घरातल्या जीवनाने राज्याला असा आधार देते की त्यावाचून सर्वांचे हित साधणार नाही. आणि आर्थिक गरजेपोटी आईला घरातली कर्तव्ये सोडून कामाला जावे लागू नये, यासाठी राज्य प्रयत्न करील.

म्हणजे एकाच दस्तऐवजाने पुरुषाला सत्तेची खुर्ची दिली आणि बाईला चूल. हॅना शीही-स्केफिंग्टन आणि इतर अनेक स्त्रियांनी तेव्हाच विरोध केला होता. त्यांची भीती खरी ठरली. सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केले की नोकरी सोडायची, हा नियम 1973 पर्यंत टिकला. 1919 मध्ये कॉन्स्टन्स मार्किएविच मंत्री झाल्या होत्या. त्यानंतर मंत्रिमंडळात दुसरी स्त्री यायला 1979 उजाडले!

बरे, घरकामाचा एवढा गौरव केला, तर घरावर हक्क तरी दिला का? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका गृहिणीने याच कलमाचा आधार घेऊन राहत्या घरात हिस्सा मागितला. सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. गौरव कागदावर राहिला, घर नवऱ्याच्या नावावर राहिले.

इथे आपला संबंध येतो. भारतीय घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या घटनेवरून घेतलेली आहे. त्यांच्या 45 व्या कलमात म्हटले आहे, की नागरिकांना आर्थिक गरजेपोटी आपल्या लिंगाला, वयाला वा शक्तीला न पेलणारी कामे करावी लागू नयेत. आपल्या 39 (ङ) मध्ये हेच वाक्य आहे, पण त्यात फक्त वय आणि शक्ती आहे. 'लिंग' हा शब्द नाही. 41.2 सारखे कलमही आपल्याकडे नाही. उलट समान कामाला समान वेतन आहे. एक शब्द गाळल्याने केवढा फरक पडतो, ते बघा.

41.2 बदलण्यासाठी आयर्लंडमध्ये 8 मार्च 2024 रोजी सार्वमत झाले. तेव्हा तीशक होते लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. स्त्रीचा उल्लेख काढून कुटुंबातील सर्वांनी एकमेकांची जी काळजी घेतली जाते, तिचा गौरव करावा, असा प्रस्ताव होता. सुमारे 74 टक्के मतदारांनी तो फेटाळला.

लोक बुरसटलेले म्हणून हे झाले, असे सरसकट म्हणू नका. याच मतदारांनी 2018 मध्ये गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवली होती. बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा 2012 मधला मृत्यू तेव्हा सर्वांच्या मनात होता. 2024 मध्ये विरोध करणाऱ्यांत अपंग व्यक्ती होत्या, घरच्या आजाऱ्यांची शुश्रूषा करणारेही होते. नव्या मसुद्यात राज्य फक्त 'झटेल' असे होते. त्यांचे म्हणणे, झटण्याने पोट भरत नाही. मदतनीस, पैसा आणि सेवा यांची हमी द्या.

मला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. 'स्त्री' शब्द काढून 'कुटुंब' शब्द घातला, तरी राज्याने आपला वाटा उचलला नाही तर घरातले काम पुन्हा बाईच्याच अंगावर येते. पाळणाघर, वृद्धांची सेवा, घरावर दोघांचे नाव, या मागण्या शब्दांइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

आयर्लंडमध्ये मेरी रॉबिन्सन, मेरी मॅकअलीस आणि 2025 मध्ये निवडून आलेल्या कॅथरीन कॉनली, अशा तीन स्त्रिया राष्ट्रपती झाल्या. तीशक मात्र आजवर एकही झालेली नाही. भवनात बाई चालते, सत्तेच्या खुर्चीत अजून बसलेली नाही. त्या खुर्चीवर बसणाऱ्याचे घर आजवर दुसऱ्या कोणीतरी सांभाळले. ती खुर्ची बाईला मिळेल तेव्हा तिचे घर कोण सांभाळणार? याचे उत्तर नवऱ्यांनी आणि सरकारने मिळून द्यायचे आहे. आपण ते मागत राहू.