फाइल आली, फॉन्ट राहिला

दिवाळी अंकांचे दिवस जवळ आले, की डीटीपीवाल्यांकडून छापखान्याकडे फाइली धावू लागतात. मागोमाग छापखान्यातून फोन येतो, "फाइल उघडली हो, पण फॉन्ट मागतेय." आपल्याकडे तर पान झकास दिसत होतं, मग तिकडे काय बिघडलं?

बिघडलं काहीच नाही. पान लावलेल्या फाइलीत मजकूर असतो, रकान्यांची मापं असतात आणि कुठल्या ओळीला कुठला फॉन्ट, त्याचं फक्त नाव असतं. अक्षरांचे आकार ज्या फाइलीत असतात, ती राहते आपल्या संगणकावर. फाइल गेली, अक्षरं घरीच राहिली.

इंग्रजी मजकुराचं यात फारसं अडत नाही. एका फॉन्टच्या जागी दुसरा आला, पान बेढब झालं, तरी वाचता येतं. जुन्या मराठी फाइलींचं तसं नाही. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी या घराण्यांचे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून केलेले. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द फाइलीत असतो तो ई, जे, के, बी, एच असा. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर हीच पाच इंग्रजी अक्षरं. त्यातून प्रत्येक घराण्याची मांडणी निराळी. एकाच्या मजकुराला दुसऱ्याचा फॉन्ट लावला, तर दिसते देवनागरीच, पण अर्थाच्या नावानं शून्य.

तरीही हरवलेल्या फॉन्टची मला फार धास्ती नाही. तो ओरडून सांगतो. पानं लावायचं इनडिझाइन हे सॉफ्टवेअर फाइल उघडतानाच हरवलेल्या फॉन्टची यादी दाखवतं, पानावर त्या मजकुरामागे गुलाबी पट्टा येतो. मूळ फॉन्टचं नावही ते विसरत नाही. फॉन्ट मागवून घ्या, बसवा, पान पूर्ववत होतं. मात्र घाईघाईनं 'बदला' म्हणून मोकळे झालात, तर ती आठवण पुसली जाते.

खरा दगा देतो तो नावानं जुळणारा आणि आतून न जुळणारा फॉन्ट. नाव तेच, आवृत्ती वेगळी. यादी नाही, गुलाबी पट्टा नाही. एखादं अक्षर केसभर रुंद असतं, एक शब्द खालच्या ओळीत जातो, परिच्छेद एका ओळीनं वाढतो आणि शेवटची ओळ चौकटीबाहेर पडते. चौकटीच्या कोपऱ्याशी लाल रंगाचं बारीक अधिकचिन्ह तेवढं दिसतं. ते सुटलं, तर लेख छापून येतो आणि लेखाखालचं लेखकाचं नाव गायब. म्हणून दुसऱ्या संगणकावर उघडलेल्या फाइलीचं नवं प्रूफ काढावं. कालचं प्रूफ आज चालत नाही.

प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड आल्यावर ही कटकट संपेल असं वाटलं होतं. मजकूर वाचता येतो, हे मोठंच काम झालं. पण इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. मंगल फॉन्ट आला, तर आपल्या वळणाचे 'ल' आणि 'श' जाऊन हिंदी वळणाचे येतात. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली, की आपलं वळण येतं. ही नोंद करायला वेळ लागत नाही, पण करतो कोण!

उपाय साधे आहेत. इनडिझाइनमधली 'पॅकेज' ही सोय फाइलीबरोबर चित्रं आणि परवाना असेल ते फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करते. ते सगळं फोल्डर पाठवावं. नुसतं छापायचं असेल, तर फॉन्ट आत घातलेली पीडीएफ उत्तम. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर काम करणारे म्हणतात, "कर्व्ह करून पाठवा." तेही ठीक, पण कर्व्ह केल्यावर अक्षराचं चित्र होतं, साधा अनुस्वारसुद्धा टाइप करून दुरुस्त होत नाही. मूळ फाइल जपून ठेवा.

ज्यांच्याकडे पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या अंकांच्या सीडी पडून आहेत, त्यांनी आता थांबू नये. पेजमेकरचं काम अडोबीनं 2004 मध्येच थांबवलं आणि टाइप वन जातीच्या जुन्या फॉन्टचा आधार 2023 च्या जानेवारीत काढून घेतला. उघडतंय तोवर मजकूर युनिकोडमध्ये आणावा. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि आपला खास अर्धा 'ऱ' यांची जागा नीट तपासावी. 'आचाऱ्यांनी जेवण वाढलं' या वाक्यात आचाऱ्यांचे आचार्य झाले, तरी शुद्धलेखन तपासणारं यंत्र तक्रार करत नाही. दोन्ही शब्द बरोबरच की! तिथे मुद्रितशोधकच लागतो.