टॅपेटची टकटक

जुनी मोटार सकाळीं सुरू केली कीं तिच्या बॉनेटखालून एक हलकी, एकसारखी टकटक ऐकूं येऊं लागते. शिवणयंत्र चालावें तसा हा आवाज असतो. मालकाच्या मनांत तो सलतो, शेजबाजूला बसलेला पाहुणा त्याबद्दल विचारतो, आणि गॅरेजमधील कारागीर म्हणतो, "टॅपेट वाजतात, थोडे आवळून देतों." आवाज थांबतो आणि मालक संतुष्ट होतो. परंतु कित्येक चांगल्या एंजिनांचा घात याच संतोषांतून झालेला आहे.

तो कसा होतो हें समजण्यासाठीं मॉरिस मायनर या गाडीचें उदाहरण घेतां येईल. इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ कौली येथें १९४८ पासून ही गाडी तयार होऊं लागली, आणि १९५६ मध्यें तिला ९४८ घनसेंटिमीटरचें एंजिन मिळालें. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. तिच्या जुन्या १४८९ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल एंजिनाची रचनाही याच जातीची आहे. कॅमशाफ्टवरील उंचवटा टॅपेटला वर लोटतो, टॅपेट एका लांब दांडीला उचलतो, दांडी रॉकराचें एक टोक वर ढकलते आणि रॉकराचें दुसरें टोक झडपेचा देठ दाबून झडप उघडतें. झडप बंद असतांना रॉकर व देठ यांमध्यें थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. मायनरच्या या एंजिनांत, तें थंड असतां, ही फट एका इंचाचे १२ सहस्रांश, म्हणजे सुमारें ०.३० मिलिमीटर असावी लागते. ती ओलांडून रॉकर देठावर आदळतो, तीच ही टकटक. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असतां प्रत्येक झडप १,५०० वेळां उघडते. आठ झडपांचे मिळून सेकंदाला २०० ठोके पडतात.

मग ही फट ठेवावयाचीच कशाला? याचें उत्तर उष्णतेच्या धर्मांत आहे. एंजिन तापलें म्हणजे झडपेचा देठ वाढतो. एक्झॉस्टची झडप तर भर कामांत लाल होण्याइतकी तापते. तिला विसावा मिळतो तो बंद असतांनाच. त्या वेळीं तिच्या कडेची उष्णता बैठकींत उतरते. फट पुरेशी नसेल तर वाढलेला देठ रॉकराला टेकतो, झडप बैठकीवर पुरती बसत नाहीं, आणि राहिलेल्या चिरेंतून जळते वायू भात्यानें फुंकलेल्या ज्वाळेसारखे सुटतात. कांहीं काळानें झडपेची कड जळते, त्या सिलिंडरांतील दाब जातो, आणि सबंध हेड उतरविण्याचा खर्च पदरीं पडतो. फार सैल टॅपेटही चांगला नव्हे. त्यानें झडप उशिरा उघडते, लवकर मिटते व ठोक्यांनीं भाग झिजतात. परंतु सैल टॅपेट ओरडून सांगतो. घट्ट टॅपेट मुकाट्यानें नाश करतो.

योग्य माप घेण्याची रीत अवघड नाहीं. एंजिन थंड असावें. स्पार्क प्लग काढले म्हणजे तें हातानें सहज फिरतें. झडपा पुढून १ ते ८ अशा मोजाव्या. जी झडप पूर्ण उघडलेली असेल तिचा अंक नवांतून वजा करावा. उरेल त्या अंकाची झडप तपासावी. आठवी उघडी असतां पहिली, तिसरी उघडी असतां सहावी. नट सैल करून स्क्रू फिरवावा; फीलर गेजची पट्टी किंचित् अडखळत सरकली म्हणजे माप जुळलें. नट आवळतांना स्क्रू थोडा फिरतो, म्हणून शेवटीं पुन्हा मोजून पाहावें. मापाचा आंकडा प्रत्येक एंजिनाचा निराळा असतो. तो गाडीच्या पुस्तिकेंतूनच घ्यावा.

इतकें करूनही टकटक राहिली, तर खरी परीक्षा येथेंच आहे. एंजिन मंद चालत असतां एकेका रॉकराखालीं पट्टी सरकवावी. जेथें आवाज थांबेल तेथें दोष आहे. बहुधा त्या रॉकराच्या टोकाला देठाच्या आकाराची खळगी पडलेली आढळते. सपाट पट्टी खळगीच्या दोन्ही कडांवर टेकते, खळगीची खोली तिला कळत नाहीं. म्हणून पट्टी १२ दाखविते आणि खरी फट त्याहून मोठी असते. अशा वेळीं केवळ आवाज बंद करण्यासाठीं स्क्रू आवळीत जाणें म्हणजे अंदाजावर झडप पणाला लावणें होय. टोक घासून सारखें करावें, खळगी खोल असल्यास रॉकर बदलावा. रॉकर ज्या दांड्यावर डोलतो तो तेलाचीं छिद्रें गाळानें बुजल्यामुळें खालच्या बाजूनें झिजतो. तोही उतरवून पाहावा.

आतां आणखी एक गोष्ट. पूर्वीच्या पेट्रोलमधील शिसें झडपांच्या बैठकींचें रक्षण करीत असे. भारतांत २००० सालीं असें पेट्रोल बंद झालें, आणि तें माणसांच्या आरोग्यासाठीं आवश्यकच होतें. परंतु जुन्या बिडाच्या हेडांतील मऊ बैठकी आतां जड कामांत अधिक झिजतात. बैठक झिजली म्हणजे झडप वर सरकते आणि फट आपोआप कमी होते. अशी गाडी महिन्यागणिक अधिकाधिक शांत होत जाते, आणि मालकाला वाटतें कीं तिची प्रकृति सुधारली!

म्हणून जुन्या एंजिनाच्या मालकानें कान आवाजाकडे द्यावा, पण विश्वास मापावर ठेवावा. माप बरोबर असतां उरलेली हलकी टकटक हा रोग नव्हे. झडपा आपल्या बैठकीवर नीट टेकत आहेत, याची ती रोजची ग्वाही आहे.