मोटारींतील घुमारा आणि बॅटरीची तार

नव्या मुंबईंतील शिरवणे गांवाच्या एका बाजूस शीव-पनवेल महामार्ग आहे, जवळच औद्योगिक वसाहत आहे, आणि ठाण्याची खाडीही फार दूर नाहीं. मोटारींची रहदारी येथें रात्रंदिवस चालू असते. आणि एखाद्या मोटारीच्या डिकींतून सबवूफरचा घुमारा ऐकूं येणें हें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. ही हौस वाईट म्हणतां येणार नाहीं. डग्ग्याचा खर्ज लहान कर्ण्यांतून नीट उमटत नाहीं, हें जाणकारांस ठाऊकच आहे. प्रश्न आहे तो त्या खर्जाला लागणाऱ्या विजेचा.

मोटारीची बॅटरी अवघी १२ व्होल्टांची. तिला हात लागला तरी सहसा झटका बसत नाहीं, आणि म्हणून ती निरुपद्रवी आहे असा पुष्कळांचा समज होतो. परंतु विजेचा दाब थोडा असला, म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठीं प्रवाह मोठा लागतो. ५०० वॉटांचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरानें चालला आणि पंचमांश शक्ति उष्णतेंत गेली असें धरलें, तर बॅटरीवर ६२५ वॉटांचा भार पडतो. म्हणजे इंजिन चालू असतांना सुमारें ४५ ॲम्पिअर. घरांतील हजार वॉटांच्या इस्त्रीला पांचही लागत नाहींत! शिवाय तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा जूलचा नियम आहे. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट.

खरी चूक होते ती फ्यूजच्या जागेविषयीं. पुष्कळ ठिकाणीं तो डिकींत, ॲम्प्लिफायरच्या शेजारीं बसवितात. पण हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठीं नसून तारेसाठीं आहे. बॉनेटपासून डिकीपर्यंत जाणारी ती लांब तार पत्र्याच्या भोंकांतून ओवलेली असते. धक्क्यांनीं तिचें वेष्टन झिजतें आणि एके दिवशीं उघडें तांबें पत्र्यास टेकतें. मोटारीचा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकास जोडलेला असल्यामुळें त्या क्षणीं शेंकडों ॲम्पिअर वाहूं लागतात, वेष्टन पेटतें. आणि डिकींतील फ्यूजला त्याची वार्ताही नसते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून दीड फुटाच्या आंतच हवा, त्याचा आंकडा तारेला सोसेल एवढाच हवा, आणि भोंकाच्या कडेला रबर हवें.

तार शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार स्वस्त मिळते, पण तेवढ्याच जाडींत ती कमी प्रवाह सोसते. ऋण तारही तितकीच जाड असावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आंवळावी. खाडीच्या दमट हवेंत तो सांधा गंजतो, तेव्हां पावसाळ्यानंतर तो तपासलेला बरा.

काम आरंभण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोक सोडवावें. डिकींत भोंक पाडतांना खालीं पेट्रोलची टांकी नाहीं ना, हें पाहावें, आणि सी. एन. जी. चें सिलिंडर असेल, तर त्याच्या किंवा त्याच्या नळीच्या आसपास स्क्रू घेऊंच नये.

सर्व जोडून झाल्यावर तासभर वाजवून बंद करावें आणि फ्यूजच्या डबीला व सांध्यांना हात लावून पाहावा. एखादी जागा चटका देण्याइतकी तापलेली असेल, तर तार बारीक आहे किंवा सांधा सैल आहे. तेथें मोठा फ्यूज घालूं नये.