कॉफीच्या डोंगरातली शाळा



मेक्सिकोच्या दक्षिणेला ओआहाका नावाचं राज्य आहे. तिथल्या डोंगरउतारांवर सापोटेक, मिखे अशा आदिवासी समाजांची कॉफीची छोटी छोटी शेतं आहेत. तोडणी साधारण नोव्हेंबर ते मार्च. पिकलेलं लाल फळ तोडलं की शक्यतो त्याच दिवशी त्याची साल काढावी लागते, नाहीतर ते नको तसं आंबतं आणि कॉफीची चव जाते. त्यामुळे घरातले सगळे हात कामाला लागतात, पोरांचेही. तिकडे शाळेचं वर्ष उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन जुलैत संपतं. म्हणजे ऐन वर्षाच्या मध्यावर बाकं रिकामी! शेजारच्या ग्वातेमालात वर्ष जानेवारी ते ऑक्टोबर असतं, तेव्हा निदान हंगामाची सुरुवात तरी सुट्टीत येते. मला विचाराल तर अशा गावात शाळेचा नकाशा काढण्याआधी कॅलेंडर उघडावं.

इमारत तशी उभी राहते. ओआहाकात ‘तेकियो’ नावाची जुनी रीत आहे. गावाच्या कामासाठी प्रत्येक घरानं बिनमजुरीचे दिवस द्यायचे, आपल्या श्रमदानासारखे. फक्त तिथं ते टाळता येत नाहीत. वाळू, विटा, पत्रे वाहून आणणं त्यात भागतं. शिक्षक मात्र तेकियोतून मिळत नाही, आणि आला तरी तो मुलांची भाषा बोलणारा असेलच असं नाही.

शाळेची गरज कॉफीच्या व्यापारातूनही उभी राहिली. याच भागातल्या आदिवासी गावांनी 1983 मध्ये ‘उसिरी’ ही कॉफी उत्पादकांची संघटना उभी केली. फ्रान्स व्हान डेर होफ हे डच धर्मगुरू त्यांच्या सोबतीला होते. पडत्या भावात माल उचलणाऱ्या दलालांना लोक ‘कोयोते’ म्हणत, म्हणजे तिकडचा कोल्हा. त्यांना टाळून थेट परदेशी विकायचं, तर वजन, हिशेब, करार वाचता यायला हवेत. सेंद्रिय कॉफीच्या प्रमाणपत्रासाठी तर प्रत्येक शेताची नोंदवही लागते. म्हणून संघटनेनं शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी स्वतःची शाळाच काढली. कंपोस्ट कसं करायचं, उतारावरची माती कशी धरून ठेवायची, हाही तिथला अभ्यास! 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये ‘माक्स हाफेलार’ हे रास्त भावाचं चिन्ह सुरू झालं, त्यात उसिरीची कॉफी होती.

लगेच पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी करारातले निर्यातीचे कोटे कोसळले आणि जगभर भाव गडगडले. अशा वर्षी पोराला शाळेत ठेवायचं की शहरात कामाला धाडायचं, हे कॉफीच्या पोत्याला काय मिळालं त्यावरच ठरतं.