करुणेचा हजेरीपट



महाविद्यालयाच्या या संमेलनात बक्षिसं मिळालेल्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. यानंतर तुमच्या एकांकिका आहेत, म्हणून थेट विषयाला हात घालतो. मी कामगार न्यायालयात वकिली करतो. मी ख्रिस्ती नाही. तरीही आज तुमच्याशी कॅथलिक परंपरेतल्या करुणेविषयी बोलणार आहे. कारण माझ्या कामात रोज जो प्रश्न समोर येतो, त्याच्याशी ही परंपरा सव्वाशेहून जास्त वर्षं नेटानं भिडते आहे. कुणाचं दुःख पाहून आपलं काळीज हललं, तर त्यानंतर काय करायचं?

मत्तयकृत शुभवर्तमानात येशूनं सांगितलेली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. द्राक्षमळ्याचा एक मालक पहाटे बाजारचौकात जातो, दिवसाचा एक दिनार ठरवतो आणि मजूर मळ्यात पाठवतो. नऊच्या सुमारास पुन्हा जातो, दुपारी जातो, तिसऱ्या प्रहरी जातो. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना गेला, तरी काही माणसं तिथंच उभी. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं विचारल्यावर ती सांगतात की आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. तो त्यांनाही पाठवतो. संध्याकाळी मजुरी वाटताना त्यांच्या हातावरही पूर्ण एक दिनार ठेवतो. पहाटेपासून राबलेले मजूर कुरकुरतात. आजही ही गोष्ट ऐकून चांगली शिकलेली माणसं कुरकुरतात. धर्मपंडित या गोष्टीचा अर्थ देवाच्या कृपेशी लावतात आणि तो योग्यच आहे. पण मजुरीचे खटले चालवणाऱ्या माणसाला तिच्यात आणखीही काही दिसतं.

सकाळी साडेसात-आठला एखाद्या मोठ्या गावातल्या मजूर अड्ड्यावर जाऊन उभे राहा. गवंड्याच्या पिशवीतून थापी आणि ओळंबा डोकावत असतो. बायकांच्या हातात जेवणाचा डबा, एखादीच्या कडेवर लेकरू. मुकादमाचा टेम्पो आला की सगळे धावतात. तो आधी धडधाकट पोरं उचलतो. दहा वाजेपर्यंत उरतात ते म्हातारे, आजारातून उठलेले, लेकुरवाळ्या बाया. मग कुणीतरी येतो, निम्मा दर सांगतो, आणि हे सगळे ‘चालेल’ म्हणतात. घरी मात्र त्या दिवशीही पीठ तेवढंच लागतं. काम उशिरा मिळालं म्हणून पोरांची भूक अर्धी होत नाही. द्राक्षमळ्याच्या त्या मालकाला हे उमगलं होतं. त्याची करुणा मजुरीच्या दरात उतरली, म्हणून ती मला खरी वाटते.

१५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढलं. युरोपातल्या गिरण्यांत आणि खाणींत तेव्हा माणसं पिळून निघत होती. लिओंनी खासगी मालमत्तेचा हक्क मान्य केला, समाजवाद नाकारला. पण त्याच परिपत्रकात त्यांनी असंही सांगितलं की मालक आणि मजूर यांच्यात राजीखुशीनं ठरलेली मजुरीसुद्धा अन्यायाची असू शकते. गरजेपोटी किंवा आणखी वाईट काही होईल या भीतीपोटी मजुरानं कमी दर कबूल केला असेल, तर ती त्याच्यावर झालेली जबरदस्ती आहे. सदाचारानं, काटकसरीनं राहणाऱ्या मजुराचं पोट भरेल एवढी मजुरी मिळणं ही गोष्ट कुठल्याही करारापेक्षा वरची आहे. न्यायालयाच्या व्हरांड्यात मी कितीदा ऐकलं आहे, ‘अंगठा दिलाय ना त्यानं? मग आता तक्रार कसली?’ या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उत्तर एका धर्मगुरूनं एकोणिसाव्या शतकात देऊन ठेवलं आहे.

पण परिपत्रकं रोममध्ये निघतात. ती गिरणीच्या दारापर्यंत कोण नेणार? इथं मला ज्यांच्याविषयी सगळ्यात जास्त बोलायचं आहे, ते जोसेफ कार्डाइन येतात.

कार्डाइन बेल्जियमचे. जन्म १८८२ चा, घर कष्टकऱ्यांचं. शाळा संपली की त्या वस्तीतली मुलं कारखान्यात जात. जोसेफनं मात्र आई-वडिलांना सांगितलं की मला धर्मगुरू व्हायचंय. वडिलांचं वय झालेलं, पोरगा आता हाताशी येईल ही आशा. तरी त्यांनी त्याला पुढे शिकू दिलं आणि स्वतः राबत राहिले. सुटीत जोसेफ घरी आला, तेव्हा बरोबर शिकलेले मित्र कारखान्यात लागले होते. हा धावत भेटायला गेला, तर त्यांनी तोंड फिरवलं. त्यांच्या लेखी तो आता मालकांच्या बाजूचा झाला होता. तो घाव जोसेफना आयुष्यभर पुरला. १९०३ मध्ये वडील गेले. आपल्याला शिकवण्यासाठी हा माणूस झिजला, हे जोसेफना कळत होतं. वडिलांच्या मृत्युशय्येपाशी त्यांनी शपथ घेतली की आपलं सगळं आयुष्य कामगारांसाठी द्यायचं.

१९०६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १९१२ मध्ये ब्रसेल्सच्या लाकेन भागातल्या धर्मग्रामात ते रुजू झाले. तिथं शिवणकाम करणाऱ्या आणि कारखान्यांत जाणाऱ्या कोवळ्या पोरी होत्या. धर्मादाय संस्थांची कमतरता नव्हती. कार्डाइन यांनी त्या पोरींना धान्य वाटलं नाही. त्यांनी त्यांना जमवलं आणि प्रश्न विचारायला लावलं. तुमच्या खोलीत किती जणी बसता? काम सुरू कधी होतं, सुटतं कधी? नवी मुलगी पहिल्या दिवशी आली की तिच्याशी कोण बोलतं, काय बोलतं? मजुरीतून काय काय कापतात? पुढच्या बैठकीला त्या उत्तरं घेऊन येत. मग ती उत्तरं शुभवर्तमानासमोर धरायची, माणसाची जी किंमत तिथं सांगितली आहे, ती इथं मिळते का ते ताडून बघायचं. आणि उठण्याआधी ठरवायचं की या आठवड्यात आपण नेमकं काय करणार. पाहा, पारखा, करा. एवढीच त्यांची पद्धत. एका तरुण कामगाराचं मोल जगातल्या सगळ्या सोन्याहून जास्त आहे, असं ते सांगत आणि त्या पोरापोरींशी बोलतही तसंच.

पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यानं त्यांना तुरुंगात टाकलं. सुटल्यावर ते पुन्हा त्याच कामाला लागले. १९२५ मध्ये तरुण ख्रिस्ती कामगारांची संघटना रीतसर उभी राहिली. चर्चमधल्याच अनेकांना ती नको होती, कामगार पोरांची वेगळी संघटना काढली तर फूट पडेल असं त्यांना वाटे. कार्डाइन सरळ रोमला गेले आणि त्यांनी पोप पायस अकरावे यांना आपलं म्हणणं पटवलं. पुढे १९६१ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात याच तीन पायऱ्या साऱ्या कॅथलिक जगाला सुचवल्या. लाकेनच्या मुलींच्या बैठकीत घासूनपुसून तयार झालेली रीत रोमच्या परिपत्रकात गेली, याचा मला आजही आनंद होतो.

तुमच्यापैकी नाटकवाल्यांसाठी एक नाव सांगतो. मार्सेल कालो. फ्रान्समधल्या रेन गावचा, छापखान्यात खिळे जुळवणारा पोरगा, याच संघटनेचा. १९४३ मध्ये त्याला सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीला पाठवलं. तिथल्या बराकीत घरच्या आठवणीनं खचलेली त्याच्याच वयाची पोरं. मार्सेलनं त्यांना एकत्र आणलं, प्रार्थना सुरू केली, खेळ घेतले, नाटकं बसवली. १९४४ मध्ये त्याला अटक झाली आणि मार्च १९४५ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत तो गेला. वय तेवीस. पुढे चर्चनं त्याला धन्यवादित म्हणून घोषित केलं. उपासमारीत दुसऱ्याला धीर देण्यासाठी नाटक बसवणं हीसुद्धा करुणाच, हे मी त्याच्याकडून शिकलो.

आता ‘पाहा’ या पहिल्या पायरीविषयी थोडं. ती सोपी वाटते, पण तिथंच आपण सगळ्यात जास्त चुकतो. एका रुग्णालयात कंत्राटदाराकडून सफाईचं काम करणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत चौघडी घातलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर भविष्य निर्वाह निधीची कपात होती. खात्यावर मात्र छदामही भरलेला नव्हता. त्या वॉर्डातल्या सगळ्यांचा मावशींवर जीव होता. दिवाळीला साडी, फराळाचा डबा, नातीच्या शाळेला वह्या, सगळं मिळायचं, आणि ते प्रेम खोटं नव्हतं. पण इतक्या वर्षांत त्यांची पगाराची चिठ्ठी कुणी हातात घेऊन वाचली नव्हती. त्यांच्या हक्काचे जे पैसे गेले, ते कितीही साड्यांनी भरून येणारे नव्हते.

पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या पत्रात याविषयी फार नेमकं लिहिलं आहे. म्हाताऱ्या माणसाला हात धरून नदी पार करून देणं हे दयेचं काम आहे, आणि तिथं पूल बांधून देणं हेही दयेचंच काम आहे, असा त्याचा आशय. मला यातला ‘हेही’ महत्त्वाचा वाटतो. पूल होईपर्यंत म्हाताऱ्याला काठावर बसवून ठेवा, असं ते म्हणत नाहीत. ही दोन्ही कामं एकाच माणसानं केल्याचं उदाहरण म्हणजे पोप पॉल सहावे. ते डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईला आले होते. जाताना त्यांनी वापरायला मिळालेली मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली आणि मदरनी तिची सोडत काढून कुष्ठरुग्णांसाठी निधी उभा केला. याच पोपनी १९६७ मध्ये श्रीमंत आणि गरीब देशांमधल्या व्यवहारातल्या अन्यायावर ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ हे परिपत्रक लिहिलं. मोटार देणारा हात आणि व्यापाराच्या अटींना जाब विचारणारा हात एकाच माणसाचा होता.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यानं असा एक माणूस जवळून पाहिला आहे. फादर हर्मन बाखर. स्वित्झर्लंडचे जेझुइट. १९४८ मध्ये भारतात आले आणि आयुष्य इथल्या दुष्काळी माणसांत घालवून २०२१ मध्ये गेले. दुष्काळात धान्य वाटणं आवश्यकच असतं. पण पुढच्या दुष्काळात तीच माणसं पुन्हा रांगेत दिसली, की आपण काय करतोय असा प्रश्न पडायला हवा. फादर बाखर पाणलोटाच्या कामाकडे वळले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती, झाडं. गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, आणि निर्णय गावाच्या समितीनं घ्यायचा.

यात एक कळीची गोष्ट आहे. चराईबंदी झाली की गवत वाढतं, माती थांबते, विहिरींना पाणी येतं. हा फायदा मिळतो विहीर आणि जमीन असलेल्याला. ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही, फक्त शेळ्या-मेंढ्या आहेत, त्याचं कुरण मात्र पहिल्याच दिवशी बंद होतं. म्हणजे गावाच्या भल्याची किंमत गावातला सगळ्यात गरीब माणूस भरतो. म्हणून संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत, १९९६ पासून पाणलोटाचं काम झालं तेव्हा, भूमिहीनांशी बोलणं हा कामाचाच भाग होता. कॅथलिक शिकवणीत गरिबांना अग्रक्रम द्या असं सांगितलेलं असतं. त्याचा अर्थ मला या चराईच्या प्रश्नात नीट कळला. कोणतंही चांगलं काम हाती घेताना आधी विचारायचं, याची झळ कुणाला बसणार आहे? आणि त्याला बैठकीत बसवायचं.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. प्राचार्य सर, इथं सगळ्यांसमोरच आपली परवानगी मागतो. या संमेलनासाठी मंडप कुणीतरी घातला, खुर्च्या वाहिल्या, साउंडच्या पेट्या चढवल्या. वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या ताई, रात्रपाळीचे वॉचमन दादा, स्वच्छतागृहं साफ करणारी माणसं, ही सगळी इथं रोज आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या दहा-बारा जणांनी एक गट करावा आणि एवढंच शोधावं की यांतलं कायम कोण आणि कंत्राटी कोण, ठरलेलं किमान वेतन कुणाला मिळतं, पगाराची चिठ्ठी मिळते का, निधी कापला जातो का आणि कापला तर भरला जातो का, सुटीच्या दिवसाचं काय होतं, आजारी पडलं तर काय होतं. वाणिज्य शाखेची मुलं हजेरीपट आणि पगारपत्रक ताडून बघू शकतील. कुणाचं नाव त्याला विचारल्याशिवाय लिहू नका आणि कुणाची नोकरी धोक्यात येईल अशी घाई करू नका. कार्डाइन यांचा दंडक असा होता की कामगारांचं काम कामगारांनीच करायचं, बाहेरच्यांनी सोबत राहायचं. म्हणून त्यांची इच्छा असेल तर त्यांच्यातल्या दोघा-तिघांना पहिल्या बैठकीपासून गटात घ्या.

प्राचार्यांची संमती असेल, तर पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी मी इथं येतो. पगाराची चिठ्ठी कशी वाचायची, निधीचं खातं मोबाइलवर कसं तपासायचं आणि अर्ज कुठे करायचा, हे शिकायला एक दुपार पुरते. वह्या घेऊन या, आणि मेसमधल्या ताईंना कामातून सुटी मिळेल अशी वेळ त्यांना विचारूनच ठरवा.